समोरच्या खोलीतलं विमान

आमच्या घरी समोरच्या खोलीत विमान आहे. हे वाक्य मी आजवर कोणाला सरळ तोंडानं सांगितलेलं नाही. शाळेत कोणी विचारलं, "बाई, साहेबांचं घरी कंप्युटरचं काही चालू असते म्हणते," की मी "हो, असते थोडंफार" म्हणून हजेरीपट ओढायची. गावात कोणी विचारलं तर सांगायची, खोलीत धान भरून आहे. धानाच्या मुलखात राहण्याचा हा एक फायदा. खोलीत धान आहे म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही.

आता विमान म्हणजे पंख-शेपटीसकट नव्हे. नुसतं पुढचं तोंड, जिथं दोन पायलट शेजारी शेजारी बसतात तेवढी जागा. पण ती हुबेहूब. समोर काचेच्या जागी तीन टीव्ही, त्यांच्याखाली काटे आणि आकडे, मधे इंजिनाचे दांडे, डोक्यावर बटणांनी भरलेलं छत. कंप्युटर चालू केला की समोर नागपूरची धावपट्टी दिसते आणि दांडे पुढे सरकवले की इंजिनाचा आवाज असा घुमतो की भिंतीवरची भांडी वाजतात. लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासऱ्यांनी मला हीच खोली दाखवून सांगितलं होतं, ही पाहुण्यांची. पाहुणे आता स्वयंपाकघरात बसतात.

हे सगळं आमच्या ह्यांनी स्वतःच्या हातानं केलं. हे बसच्या डेपोत इलेक्ट्रिशियन होते, मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. गाव आमचं ब्रह्मपुरीपासून वैनगंगेच्या अंगाला, जीपमध्ये बसलं की गप्पा रंगायच्या आत येऊन जाते तेवढं. नोकरीत असताना एका पावसाळ्यात हे भामरागडला बंद पडलेली बस दुरुस्त करायला गेले आणि मागून पुलावर पाणी चढलं. रस्ता बंद. तिकडच्या लोकांना त्याची सवय. ह्यांना नि ड्रायव्हरला बसमध्येच झोपावं लागलं. पाणी उतरेना म्हणून औषधं घेऊन एक हेलिकॉप्टर आलं. सगळं गाव पंखा पाहायला धावलं आणि हे खिडकीला नाक लावून आतलं पाहत राहिले. घरी परतले तेव्हा मी काळजीनं अर्धी झालेली. विचारलं, खाल्लं काय, झोपले कुठी? तर हे म्हणतात, "अवं, त्याच्या छपरालेही बटणं हायेत! पुरी वायरिंग डोक्यावरून!"

मी म्हटलं, "तुमच्या डोक्यातलीच वायरिंग पाहून घ्या एकदा."

तेव्हा हसण्यावारी नेलं. पण यांच्या मनात ते छप्पर तसंच टांगून राहिलं होतं. रिटायर झाल्यावर माणसं शेती पाहतात, पारावर बसतात, फारच खाज असली तर निवडणुकीला उभी राहतात. आमच्यांनी प्लायवूड आणलं. मला वाटलं कपाट होईल. मी तर कोणत्या खणात काय ठेवायचं हेही ठरवून ठेवलं होतं. मग भंगारात निघालेल्या बसच्या ड्रायव्हर-सीटा आल्या, दोन. कपाटाला सीट कशाला, असं विचारलं तेव्हा कळलं की हे विमान आहे. मोबाइलवर परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ पाहून पाहून यांनी कागदावर मापं उतरवली होती. तिकडे म्हणे पुष्कळ लोक घरी असं करतात. तिकडे करत असतील. तिकडे शेजारीण भिंतीवरून डोकावत नसेल.

उन्हाळ्यात तर कमाल झाली. आमच्याकडचा मे महिना. कूलर म्हणजे घरातला कर्ता पुरुष. तो यांनी उचलून विमानाच्या खिडकीला लावला, कारण कंप्युटर तापत होता. मी म्हटलं, "आन् मी?" म्हणतात, "तू बी आत येऊन बस ना वं." गेले नाही. डोक्यावर ओला टॉवेल घेऊन ओसरीत फणफणत बसले आणि पोरांचे पेपर तपासले. त्या वर्षी माझ्या हातून मार्क जरा कडकच पडले असतील.

विमान चालू झाल्यावर ह्यांचं नागपूर ते हैदराबाद सुरू झालं. खऱ्या विमानाला जेवढा वेळ लागतो तेवढाच लावायचा, मधे थांबवायचं नाही, हा यांचा नेम. पानं वाढून हाक मारली की आतून आवाज येणार, "आता नाई, आदिलाबादच्या वरतं आहो." भात थंड होऊन जायचा. एकदा मी रागानं जाऊन म्हटलं, "मंग तिथीच जेवून घ्या." यावर हे मनापासून हसले. हसू आलं की यांचे डोळे पार मिटतात. त्यामुळे माझा राग वाया जातो.

कंप्युटरात वैनगंगा आहे. वळणासकट आहे. पण आमचं गाव नाही. जिथं गाव पाहिजे तिथं नुसती हिरवी झाडी. हे तिथं पुन्हा पुन्हा चक्कर मारून खाली वाकून पाहायचे आणि जरा उतरल्या आवाजात म्हणायचे, "कंप्युटरवाल्यायले आपलं गाव माहीत नाई." मी मनात म्हणायची, बरंच आहे, निदान तिथं तरी हसणारं कोणी नाही.

कारण गाव हसत होतं. किराणा घ्यायला गेलं की, "बाई, भाचीच्या लग्नाले बसनं काऊन जाता? घरचं विमान हाय ना!" बसस्टॉपवर उभं राहिलं की, "दोन तिकिटं आमचीबी ठेवजा." शाळेत एका पोरानं कागदाचं विमान माझ्या टेबलावर आणून उतरवलं आणि सगळा वर्ग एकमेकाला कोपरं मारत हसला. पोरांवर काय चिडायचं? घरी ऐकतात तेच बोलतात. मी ते विमान उचलून खिडकीत ठेवलं आणि पाढे घ्यायला लागले, पण कान तापले होते. घरी येऊन यांच्यावर राग काढला. हे म्हणाले, "म्हणू दे. म्हणण्यानं विमान पडत नाई." यांना लाज हा प्रकारच नव्हता. दोघांच्या वाटची मलाच आली होती.

त्यात मग यांचा हात थरथरायला लागला. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं.

आधी मला वाटलं थंडीनं असेल. डोक्यावरच्या छताचं झाळकाम चालू होतं, एकेक बारीक वायर बटणाला डाग देऊन चिकटवायची. ज्या हातानं आयुष्यभर बसच्या बोनेटमध्ये डोळे मिटून वायर शोधल्या, तो उजवा हात हवेत नुसता हलत होता आणि डाग भलतीकडेच पडत होता. हे डाव्या हातानं उजवं मनगट धरून काम करायला बघत होते. मला दारात पाहिलं आणि म्हणाले, "जरा वायर धर वं." मी धरली. पुढे नागपूरला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, कंपवात. गोळ्यांनी आटोक्यात राहील, पण जाणार नाही.

बीमारीची लाज वाटण्यासारखं काय आहे, असं कोणीही म्हणेल. मीही दुसऱ्याला तेच सांगितलं असतं. पण आमच्याकडे भरल्या वयाच्या माणसाचा हात थरथरला की लोकांच्या मनात पहिली येते ती बाटली. मी कोण? गावातली दारू बंद करायला बायांची फेरी निघाली तेव्हा सगळ्यात पुढे पोरांच्या घोषणा घेऊन चालणारी. शेजारची काकू आणि मी, आम्ही दोघींनी भट्टीसमोर बैठक मारली होती. त्या बाईच्या नवऱ्याचा हात चहाच्या कपावर थरथरतो, हे गावाला दिसलं तर? यांनी जन्मात थेंब घेतलेला नाही. पण लोकांना काय, एकाचं दोन करायला वेळ लागत नाही.

म्हणून मी तो हात झाकायला घेतला. टेलरकडून यांच्या सगळ्या पँटींना खोल खिसे लावून आणले. उजवा हात खिशात घालून उभं राहायचं, बसायचं, चालायचं. आणि चहा. डेपोतल्या माणसाचं रक्तच चहाचं असतं. पण कपबशी यांच्या हातात गेली की अशी वाजायची की बाहेर ऐकू जावं. मी यांना आतल्या खोलीत स्टीलच्या ग्लासात अर्धाच चहा द्यायला लागले. पाहुण्यांसमोर ट्रेमध्ये यांचा कपच नसायचा. कोणी विचारलं तर मीच उत्तर द्यायची, "त्यायनं चहा सोडला. ॲसिडिटी होते." हे खिशात हात घालून पाहुण्यांचे कप बघत बसायचे. एकदा म्हणाले, "सांगून टाकू ना वं लोकायले. बीमारी हाय, चोरी थोडीच केली?" मी म्हटलं, "काही गरज नाई. हात दाखवून अवलक्षण." त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही. मी म्हणेन तसं खिशात हात घालून वागत राहिले.

विमान मात्र थांबवलं नाही. उलट आता मलाच आत ओढलं. बारीक बटणं यांना जमेनाशी झाली होती. शिवाय खऱ्या विमानात दोघं लागतात, हे यांचं जुनंच म्हणणं. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं त्या त्या बटणाला हात लावून, डोळ्यानं पाहून उत्तर द्यायचं. न पाहता "हो, हो" म्हणायचं नाही. वाचन माझंच काम म्हणून रविवारी दुपारी मी उजव्या सीटवर बसायला लागले. मी विचारायची, "चाकं?" हे बघून सांगायचे, "खाली. तीन हिरवे दिवे." वर्गात पोरं जेवढ्या तत्परतेनं उत्तर देत नाहीत तेवढ्या तत्परतेनं.

आणि एक नियम यांनी मला पक्का करून घेतला. विमान एका हातातून दुसऱ्या हातात द्यायचं तर तोंडानं बोलून द्यायचं. देणारा म्हणणार, "कंट्रोल तुझ्याकडे." घेणारा म्हणणार, "कंट्रोल माझ्याकडे." आणि एकाचं बिघडत असेल तर दुसऱ्यानं वाट पाहायची नाही, "माझ्याकडे" म्हणून सरळ घ्यायचं. पहिल्यानं रुसायचं नाही, सोडून द्यायचं. "नवरा असो, साहेब असो, मोठा असो. विमानात मान-अपमान चालत नाई," हे सांगताना यांचा आवाज अगदी डेपोतला व्हायचा.

मला ते जमायला लागलं, ही आणखी एक लाजिरवाणी गोष्ट. विमान उतरवताना माझं चित्त असं लागायचं की भाजी करपल्याचा वास यायचा नाही. हे खूश होऊन मांडीवर थाप मारायचे, "वा रे माही बाई!" मी म्हणायची, "कोणाले सांगू नका." माणसाचं विमान गावानं कसंबसं पचवलं असतं, मास्तरीणबाई विमान चालवते म्हटलं असतं तर मला गाव सोडावं लागलं असतं.

मग मंडई आली.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली, लवकर येणारं हलकं धान कापून झालं की गावोगाव मंडई भरते. ज्या गावची मंडई, त्या गावच्या घराघरात पाहुणे. दिवसा बाजार, पाळणे, मटणाचे हंडे, रात्री नाटक. त्या दिवशी दार बंद ठेवणं म्हणजे पाप. मी पहाटेच समोरच्या खोलीत विमानाच्या तोंडावर मोठी सतरंजी टाकली, पुढे धानाची पोती रचली आणि सगळं झाकलं. हे बघत उभे होते. म्हणाले, "माहा हात खिशात, माहं विमान सतरंजीत. तुले बरं वाटते न?" मी ऐकलं नाही असं दाखवून वड्यांचं पीठ मळायला गेले.

दुपारी सिंदेवाहीचा माझा मोठा भाऊ आला. भाऊ म्हणजे लाउडस्पीकर. जेवण झाल्यावर हात धुऊन समोरच्या खोलीत गेला, पोत्याला हात लावला, सतरंजीचं टोक ओढलं आणि ओरडला, "अरे बापा! जवाईबापू, हे का लपवून ठेवलं? बाहेर या रे सारे!" आमचे पाहुणे, शेजारच्यांचे पाहुणे, शेजारची काकू, सगळे येऊन खोलीत दाटले. बाकीचे दारात आणि खिडकीला. पोती ओढून बाजूला झाली. भाऊ म्हणाला, "जवाईबापू, आज नागपूरले उतरवूनच दाखवा!"

मी पदर सावरत यांच्याजवळ गेले आणि हळूच म्हटलं, "राहू द्या. कंप्युटर बिघडला म्हणा."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं खपून केलेली वस्तू बघायला पहिल्यांदा माणसं आली होती. यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी आमच्या लग्नाच्या फोटोतही पाहिलेला नाही. "वाच," म्हणाले आणि डाव्या सीटवर जाऊन बसले.

मी उजव्या सीटवर बसले. मागे खसखस पिकली. "बाईबी जाते नं," कोणीतरी म्हणालं. माझ्या पाठीला जसे काटे टोचत होते. मी विचारत गेले, हे सांगत गेले. चाकं? खाली, तीन हिरवे. पंखांचे फ्लॅप? तीस. दिवे? चालू. समोर नागपूरची धावपट्टी, पट्ट्यापट्ट्यांची, हळूहळू मोठी व्हायला लागली. यांचा डावा हात हँडलवर होता आणि उजवा, खिशातून काढलेला, मधल्या इंजिनाच्या दांड्यांवर. सीटांच्या मधे असल्यामुळे मागच्यांना तो दिसत नव्हता. मला दिसत होता.

आणि ऐकू येत होता. दांडा थरथरला की इंजिनाचा आवाज वर जायचा, पुन्हा थरथरला की खाली. सगळी खोली तो आवाज ऐकत होती. लोकांना वाटत होतं विमानाचा आवाज असाच असतो. कंप्युटरातला बाबा इंग्रजीत उंची मोजायला लागला. विमानाचं नाक खाली-वर होत होतं. दांडा झटक्यानं मागे आला आणि आम्ही पट्टीच्या अलीकडेच खाली जायला लागलो.

माझा हात दांड्यापासून वीतभर अंतरावर होता. "माझ्याकडे" एवढंच म्हणायचं होतं. पण मी ते म्हटलं असतं तर भाऊ विचारणार होता, काऊन, जवाईबापूले काय झालं? काकू पुढे वाकून बघणार होती. तो हात सगळ्यांना दिसणार होता. मी हात मांडीवर ठेवला आणि समोर बघत बसले. विमान पट्टीच्या अलीकडच्या शेतात आदळलं. कडाडून आवाज झाला आणि तिन्ही टीव्ही थिजले.

मग भावानं शिट्टी मारली. "वन्स मोर!"

झाडीतली माणसं ही अशी. आमच्या नाटकात मरणाचा प्रवेश झकास झाला तर लोक वन्स मोर देतात आणि नटाला उठून पुन्हा मरावं लागतं. सगळ्यांना वाटलं हाच खेळ होता. विमान पडणार, मोठा आवाज होणार, वा वा! टाळ्या पडल्या. खिडकीतून, दारातून, "वन्स मोर! वन्स मोर!" भाऊ म्हणाला, "जवाईबापू, पुन्हा पाडा! मस्त पाडलं!"

यांनी मागे पाहिलंच नाही. माझ्याकडे वळून, फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, "तू काऊन घेतलं नाई?"

यांच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मी उलटून बोलले असते, तेवढं मला येतं. यांना खरंच कळत नव्हतं की नियम शिकवलेला असताना मी गप्प का बसले. आणि मग, माझा चेहरा बघता बघता, यांना कळलं. तेव्हा जी शरम वाटली तशी मला ना त्या विमानाची वाटली होती ना हाताची. धरणी माय पोटात घेते म्हणतात, तर त्या वेळी घ्यायला पाहिजे होतं तिनं.

यांनी बटण दाबलं. पुन्हा समोर तेच आकाश, तीच पट्टी लांबवर. लोकांनी टाळ्या पिटल्या. मग यांनी दोन्ही हात सोडले. दोन्ही हात वर, सगळ्यांना दिसतील असे उचलले, आणि दोन्ही मांड्यांवर उताणे ठेवले. उजवा थडथड उडत होता. खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा डेपोतल्या आवाजात हे म्हणाले, "कंट्रोल तुझ्याकडे."

टाळ्या विझल्या. भाऊ पुढे वाकला. "जवाईबापू, हात काऊन असा?"

"कंपवात हाय," हे म्हणाले. "बीमारी. नागपूरले दवा चालू हाय." आणि मला म्हणाले, "बोल ना वं. विमान कोणाजवळच नाई आता."

खरंच कोणाजवळच नव्हतं. नाक हळूहळू एका बाजूला कलत होतं. मी म्हटलं, "कंट्रोल माझ्याकडे." आवाज फाटलेला आला. मी हँडल धरलं, दांडे धरले आणि समोर बघितलं, कारण समोर पट्टी होती, तिथं माणसं नव्हती. कंप्युटरातला बाबा उंची मोजत गेला. विमान एकदा आपटलं, उसळलं, पुन्हा टेकलं, जरा वाकडं गेलं आणि पट्टीवरच थांबलं.

टाळी नाही, काही नाही. एक पाहुणा म्हणाला, "या टायमाले पडलं काऊन नाई?" आणि लोक बाजाराकडे पांगायला लागले.

शेजारची काकू मात्र पुढे आली. यांच्या मांडीवरच्या हाताकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "बाई, हे बीमारी होय? आमी तं दारू समजून राह्यलो होतो."

मी म्हटलं, "काय?"

"साऱ्या गावाले माहीत हाय, तुमच्या साहेबाचा हात थरथरते. तुमी लपवून राह्यल्या होत्या, मंग लपवण्यासारखंच काही असन म्हटलं. तुमचं तोंड पाहून कोणी बोललं नाई."

मी यांच्याकडे पाहिलं. यांना काहीच नवल वाटलेलं नव्हतं. "तुमाले माहीत होतं?" मी विचारलं.

"पानठेल्यावर बोलत," हे म्हणाले. "आता तुले हात लपवाचा होता तं म्हटलं, राहू दे."

म्हणजे माझ्या लाजेपायी, जन्मात थेंब न घेतलेला माणूस गावाच्या नजरेत दारुडा झाला होता, आणि ते माहीत असून खिशात हात घालून फिरत होता. मला रडूही आलं नाही. मी उठले आणि चहा टाकायला आत गेले, कारण पाहुण्यांना चहा द्यायचाच होता आणि मला कोणाचं तोंड बघायचं नव्हतं.

ट्रे भरला. भावाचा कप, काकूचा कप, दोन-तीन पाहुणे उरले होते त्यांचे. यांचा स्टीलचा ग्लास नेहमीच्या जागी, फळीवर, होता. मी तो घेतला, परत ठेवला. मग चांगल्या सेटातला कप काढला, बशी काढली, काठोकाठ भरला आणि ट्रेमध्ये सगळ्यांच्या पुढे ठेवला.

भाऊ म्हणाला, "जवाईबापूनं तं चहा सोडला न?"

"नाई सोडला," मी म्हटलं. "मी सोडवला होता."

यांनी कपबशी घेतली. ती वाजायला लागली. अशी वाजली की भाऊ बोलता बोलता थांबला, काकूनं नजर खाली घातली, दारातून जाणारा एकजण वळून पाहून गेला. चहा बशीत सांडला, बशीतून पांढऱ्या पँटीवर सांडला. लाज वाटली नाही असं मी म्हणणार नाही. वाटली, पायाच्या नखापासून डोक्यापर्यंत वाटली. पण मी ट्रे घेऊन आत गेले नाही. तिथंच उभी राहिले. हे बशीत ओतून सावकाश प्याले, खिशातून रुमाल काढून पँट पुसली आणि कप माझ्यापुढे धरला.

"अजून हाय का वं?"

"हाय," मी म्हटलं, आणि पुन्हा काठोकाठ भरून आणला.